पिवळं राहिलेलं गाव

कवडीटोल्याच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या धानाच्या शेतात, रोवणी करताना वीज पडून दोन बायका गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी कांचन लंजे नागपूरहून तिथं पोचली. वीज पडून माणूस दगावलं की वादळ-जोखीम केंद्रातल्या कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन जागा बघायची, असा नियम होता. फोनवर विजेचा इशारा देणारी 'चाहूल' सुरू झाल्यापासून हा नियम पाळायची वेळ क्वचितच आली होती. केंद्राच्या गाडीचा चालकसुद्धा वाटेत म्हणाला, की मॅडम, चूक आपली नसणार, लोकांनीच फोन बघितला नसेल.

लोकांनी फोन बघितला होता.

गावचे पोलीस पाटील केशवराव मेश्राम तिला धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, आत घेऊन गेले. बांधीतलं पाणी आता निवळलं होतं. अर्धी बांधी हिरवीगार रोवलेली, अर्धी मोकळी, आणि मधे पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या टाकल्या होत्या तशाच पडून, कडेनं सुकायला लागलेल्या. पाटील रागावलेले नव्हते, तेच कांचनला जड गेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की दुपारी आभाळ काळं होऊन आलं तेव्हा पलीकडच्या मोहटोल्याच्या बायका बांधी सोडून घराकडं निघाल्या, कारण त्यांच्या फोनवर नारिंगी आलं होतं. नारिंगी म्हणजे काम सोडा, आडोशाला जा. कवडीटोल्यावर मात्र पिवळंच राहिलं. पिवळं म्हणजे नजर ठेवा, काम चालू द्या. इथल्या बायकांनी जाणाऱ्यांना हाका मारून चिडवलंही, की तुमच्या गावाला आभाळ वेगळं दिलंय का म्हणून.

"आभाळ तर एकच होतं, मॅडम," पाटील म्हणाले. "पण आता आभाळाकडं कोण पायते? फोनमधी पायते."

परतताना तिनं गाडीत आदल्या दिवसाचा नकाशा पुन्हा उघडला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळा पूर्वेकडचा पट्टा. त्यावर नारिंगीचा मोठा डाग पसरलेला, आणि डागाच्या पोटात कवडीटोल्याचा एकटा पिवळा ठिपका. धोतरावर शाई सांडावी आणि टिकलीएवढी जागा कोरडी राहावी, तसा. वादळ असं गावाची शीव बघून येत नाही, हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

'चाहूल' काय होती ते समजायचं तर थोडं ढगात शिरावं लागेल. उंच चढणाऱ्या ढगात बर्फाचे बारीक कण आणि जड गारा एकमेकांवर आपटतात, घासतात. कण एका जातीचा विद्युतभार घेऊन वर जातात, गारा उलट्या जातीचा भार घेऊन खाली राहतात. ढगाचा तळ असा भरत गेला, की त्याच्या ओढीनं खालच्या जमिनीत विरुद्ध भार गोळा होतो आणि मिळेल त्या उंच वस्तूवरून वर चढू पाहतो. झाड, खांब, उभं माणूस. वीज पडण्याच्या बऱ्याच आधीपासून अशा टोकांतून हवेत बारीकसा प्रवाह झिरपत असतो. माणसाला तो जाणवत नाही. जाणवतो तो अगदी शेवटी, अंगावरचे केस ताठ होतात तेव्हा, आणि तेव्हा पळायलाही वेळ उरलेला नसतो.

रडारला ढगातलं पाणी दिसतं, उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. ढग आतून किती भारलाय, हे दोघांनाही धड सांगता येत नाही. म्हणून पूर्वी 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस' एवढ्यावर भागवावं लागे. तुरळक ठिकाणी म्हणजे कोणाच्या शेतात, ते वीज पडल्यावरच कळे. पुढे नव्या फोनांत एक अतिशय संवेदनशील चकती आली. बसवली होती हृदयाचे ठोके टिपायला. उघड्या आभाळाखाली उभ्या माणसाच्या कमरेला असा फोन असला, तर त्याच्या अंगातून वर झिरपणाऱ्या प्रवाहाची खरखर त्या चकतीला ऐकू येते, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं. माणसाचं शरीरच ॲन्टेना झालं. पाय ओल्या मातीत असले तर उत्तमच. लाखो फोनांतली ही खरखर एकत्र करून तिच्यावरून पुढचा ढग कुठं भारणार, हे एक शिकतं यंत्र सांगू लागलं. एका वादळाच्या पोटातून सुटलेला गार वारा शेजारी दुसरं वादळ उठवतो, दुसरं तिसऱ्याला. त्यामुळे एका गावातली खरखर पुढच्या अनेक गावांना पाऊण तास आधी सावध करू शकत होती.

विजेनं मरणारी माणसं जवळजवळ थांबली. कांचनला त्याचा अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नव्हता. ती मूळची सावरबोडीची, गोंदिया जिल्ह्यातली. लहानपणी दर पावसाळ्यात ओळखीतलं कोणीतरी बांधीत वीज पडून जाताना तिनं पाहिलं होतं. चाहूलसाठी पहिली गावं हवी होती, तेव्हा ती सरळ आपल्या गावी गेली. तिची थोरली बहीण वनमाला, गावातच दिलेली, तिथं रोवणीच्या बायकांची टोळी घेऊन शेतोशेत जायची. वनमालानं टोळीतल्या प्रत्येकीला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधायला लावला. कोणी कुरकुरलं, की ती म्हणायची, माझी बहीण तिथं बसली आहे, ती आपल्याला मरू देईल का?

केंद्रात परतल्यावर कांचननं यंत्राला त्या दुपारी परत नेलं. सगळी खरखर तीच, वारे तेच. फक्त कवडीटोल्यावर वेळेवर नारिंगी द्यायचं आणि बायका घरी गेल्या असं धरायचं. मग काय झालं असतं?

उत्तर आलं, ते बघून ती पाणी पिऊन आली आणि पुन्हा बघायला बसली. कवडीटोल्याच्या बायका टिनाखाली गेल्या असत्या, तर त्यांचे फोन बहिरे झाले असते, आणि भोवतालच्या गावांना इशारा मिळायला उशीर झाला असता. एवढा उशीर, की मोहटोल्याच्या बायका अजून बांधीतच असत्या. तिनं मागच्या महिन्याची वादळं काढली, त्यामागच्या महिन्याची काढली. प्रत्येक मोठ्या वादळात एखादंदुसरं गाव पिवळं राहिलं होतं. बहुतेक वेळा वीज दुसरीकडं पडली होती आणि कोणाला काही कळलं नव्हतं.

यंत्राला हे कोणी शिकवलं नव्हतं. अंदाज अचूक आला की शाबासकी, चुकला की दंड, एवढंच त्याला ठाऊक. नारिंगी दाखवलं की माणसं आत जातात, माणसं आत गेली की आपल्याला ऐकू येईनासं होतं, आणि ऐकू आलं नाही की अंदाज चुकतात, हे त्याचं तेच शिकलं होतं. मग त्यानं उपाय काढला होता. थोडी माणसं बाहेर राहू द्यायची.

हरणे सर केंद्राचे प्रमुख होते. वीस-एक वर्षांपूर्वी कांचनला नोकरीत त्यांनीच घेतलं होतं, आणि आवाज न चढवता बोलायची त्यांची सवय तेव्हापासून तशीच होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेरच्या रस्त्याकडं बघत राहिले. ते चकित झाले नाहीत, हे कांचनच्या उशिरा लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं, सर."

"शंका होती. तू खात्री करून आणलीस." ते परत येऊन बसले. "आता मला सांग, काय करायचं? सगळ्या गावांना एकदम नारिंगी दिलं, तर सगळे आत जातील. मग वादळ पुढं कुठं निघालं ते आपल्याला कळणार नाही. पहिल्या पट्ट्यातली माणसं वाचतील, पुढच्या चार पट्ट्यांतली मरतील. ही खरखर ऐकणाऱ्या मनोऱ्यांचं काम मंजूर झालंय, पुढच्या पावसाळ्यात मनोरे उभे राहतील, मग माणसाची गरज नाही. तोवर कोणीतरी बाहेर असायला हवं, कांचन."

"त्यांना विचारून तरी."

"विचारलं, तर कोण थांबेल? उद्या ही गोष्ट बाहेर फुटली, की लोक फोन बंद करून पेटीत ठेवतील. मग पूर्वीसारखंच. तुरळक ठिकाणी." त्यांनी चष्मा काढला. "गाव कुठलं ते यंत्र ठरवतं. तुला ठरवायचं असेल, तर ती खुर्चीही मी तुला देतो. बसशील?"

कांचन उठून आपल्या जागी परत गेली. तिला मनातून त्यांचा हिशेब पटला होता, आणि पटला होता याचीच तिला भीती वाटली. पुढचे काही आठवडे ती कामावर येत राहिली. वादळ उठलं की सगळ्यांच्या आधी तिची नजर नारिंगीतले पिवळे ठिपके शोधायची. एक इथं, एक तिथं. वीज नाही पडली, की ती खुर्चीत मागं टेकायची. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. वनमालाचे फोन येत, ती रोवणीच्या गप्पा सांगायची, यंदा पाणी बरं आहे म्हणायची, आणि कांचन हूं हूं करत लवकर ठेवून द्यायची. तुझी तब्येत बरी नाही का, असं वनमालानं एकदा विचारलं. कांचन म्हणाली, काम फार आहे.

मग तो दिवस आला. सकाळपासून हवा कोंदलेली होती. दुपारच्या सुमारास भंडाऱ्याच्या बाजूनं ढगांची एक लांबच लांब ओळ उठली आणि पूर्वेकडं सरकू लागली. असं वादळ त्या पावसाळ्यात आलं नव्हतं. पाळीवर मुख्य अधिकारी म्हणून कांचनच होती. नकाशा पश्चिमेकडून नारिंगी होत चालला. तो पुढं सरकत गोंदियात शिरला, तलावांच्या मधून पसरला, आणि त्यात एक पिवळा ठिपका राहिला. तिनं नाव वाचलं. सावरबोडी.

तेवढ्यात वनमालाचा फोन आला.

"कांचन, इथं दिवसा अंधार पडला वं. फोन तर पिवळाच दाखवते. पळसबोडीच्या बाया चालल्या घरी. आमची अर्धी बांधी बाकी हाय. करू का पूर्ण?"

कांचनच्या समोर पडद्यावर वनमालाच्या टोळीची खरखर चढत होती. पाण्यात रोवलेले पाय, कमरेला फोन, मान खाली. इतका चांगला कान त्या क्षणी सबंध जिल्ह्यात दुसरा नव्हता. म्हणूनच यंत्रानं तो निवडला होता.

"ताई, सगळ्यांना घेऊन घरी जा."

"पण पिवळं हाय ना?"

"माझं ऐक. आत्ता निघ. पळत जा."

वनमालानं पुढं काही विचारलं नाही. हाव म्हणाली आणि फोन ठेवला. पडद्यावर सावरबोडीचे ठिपके हलले, धुऱ्यावरून रांगेनं गावाकडं निघाले, आणि घरात शिरतील तसे एकेक करून विझत गेले. कांचननं डोळे मिटले. उघडले तेव्हा पळसबोडी पिवळी झाली होती.

पळसबोडी सावरबोडीला लागूनच. मगापासून तिथं नारिंगी होतं, आणि तिथल्या बायका घराच्या निम्म्या वाटेवर पोचल्या होत्या. आता त्यांच्या फोनवर रंग उतरला होता. धोका टळला असं समजून रांग थांबली. थोडा वेळ ठिपके जागच्या जागी घोटाळले. मग वळले आणि परत बांधीकडं निघाले.

काय झालं ते कांचनला कळलं होतं. एक कान गेला, म्हणून यंत्रानं शेजारचा उघडला होता. कळूनही तिचा हात उठेना. या क्षणी तिनं काहीही केलं तरी कोणीतरी बाहेर राहणारच होतं, आणि आता ते कोण, हे ठरवणारी ती होती. तो क्षण किती लांबला, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. मग तिनं यंत्र बाजूला सारून सबंध पट्टा स्वतःच्या अधिकारात लाल केला. चार जिल्ह्यांतले फोन एकदम वाजले. पळसबोडीच्या ठिपक्यांतल्या एकातून तेवढ्यात प्रचंड खरखर आली आणि तो गप्प झाला. बाकीचे पांगले.

त्यानंतर नकाशा करडा पडत गेला. गावंच्या गावं आत गेली आणि यंत्राला ऐकू येणं बंद झालं. हरणे सर धावत आले, पडद्याकडं बघून उभेच राहिले. दोघंही त्या करड्या रंगाकडं बघत बसले आणि वादळ त्याच्याआडून दक्षिणेकडं निघून गेलं. बाहेरचे जिल्हे लाल केलेल्या पट्ट्यात नव्हते, तिथं कुठला इशारा द्यायचा हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी बातमी आली. तिकडच्या एका गावात गुरांचा बाजार भरला होता, तिथं वीज पडून माणसं गेली होती. त्यांच्या फोनवर शेवटपर्यंत हिरवं होतं.

पळसबोडीत गेली ती सुलोचना, वनमालाची धाकटी नणंद. पूर्वी सावरबोडीच्याच टोळीत होती, लग्न होऊन शेजारच्या गावी गेली.

सुलोचनाचं दिवसकार्य झाल्यावर कांचन पळसबोडीला गेली. वनमाला बायकांत बसली होती. तिनं कांचनला जागा करून दिली आणि पाणी दिलं. दुपारी दोघी तलावाच्या पाळीवरून सावरबोडीकडं निघाल्या. खाली बांध्यांमध्ये रोवणी चालू होती, कारण रोवणी थांबत नाही. अर्ध्या वाटेत वनमालानं विचारलं, की तुला ते आधी कसं कळलं? पिवळं असून घरी जा म्हणून का सांगितलंस?

कांचननं सगळं सांगितलं. ढग, खरखर, कवडीटोला, हरणे सर, रंग का उतरला ते. सांगताना ती वनमालाकडं बघत नव्हती. वनमालाचं चालणं हळू होत गेलं, आणि शेवटी ती पाळीवर उभीच राहिली.

"म्हणजे मी घरी गेली, म्हणून सुली परत बांधीत गेली."

"तू नाही, ताई. ते यंत्रानं केलं."

"मशीन तर मशीनच हाय. तिला कोणाची नणंद, कोणाची बहीण, काय समजते?" वनमालाचा आवाज अगदी खाली आला होता. "तुला समजत होतं ना. मंग तू मलाच काऊन सांगितलं? कवडीटोल्याच्या बाया गेल्या तवापासून तुला ठाव होतं, अन् घरी जा म्हटलं मलाच. दुसऱ्या गावात कोणाच्या बहिणी नाईत का?"

वनमाला पुढं चालू लागली. कांचन मागून गेली, पण त्या दिवशी ती बहिणीच्या घरात शिरली नाही. फाट्यावरूनच नागपूरच्या गाडीत बसली.

चार दिवसांनी तिनं पत्रकारांना बोलावून सगळं उघड सांगितलं. हरणे सरांनी अडवलं नाही. उलट ते येऊन तिच्या शेजारी बसले, आणि निर्णय माझाही होता एवढंच म्हणाले. पुढं ते म्हणाले होते तसंच घडलं. गावोगाव फोन बंद झाले. कोणी चिडून तळ्यात टाकले. नकाशा चाळणीसारखा झाला, आणि पावसाळ्याच्या उरलेल्या आठवड्यांत विजेनं माणसं मरू लागली, अगदी पूर्वीसारखी, कोणाच्या शेतात ते वीज पडल्यावर कळावं अशी. आभाळाकडं बघायची सवय मोडली होती. ती लोकांना परत लावून घ्यायला वेळ लागत होता, आणि वादळं थांबत नव्हती. शिव्या कांचनलाही बसत होत्या. आधी का सांगितलं नाही म्हणून काही जण देत, सांगितलं कशाला म्हणून काही जण.

मनोरे पुढच्या पावसाळ्यात येणार होते. तोवर काय, हे विचारायला गावांची माणसं केंद्रात येऊ लागली. अखेर केंद्रानं एक योजना मांडली. त्या योजनेत नवं काही नव्हतं. यंत्र चोरून करत होतं तेच आता उघडपणे, विचारून करायचं. मोठं वादळ येणार असेल त्या दिवशी पट्ट्यातल्या काही ठरावीक गावांत एकेका माणसानं स्वखुशीनं उघड्यावर उभं राहायचं, बाकी सगळ्यांनी आत जायचं. कुठलं गाव कधी, हे पाळीनं. ज्या गावाला मान्य नसेल त्यानं तसं सांगावं. पुष्कळ गावांनी तसं सांगितलं.

सावरबोडीची ग्रामसभा समाजमंदिरात भरली. योजना समजावून द्यायला केंद्रातून कांचनलाच पाठवलं होतं. तिचं बोलून झाल्यावर एकदम सगळेच बोलू लागले. सरकारनं माणसं पाठवावी, असं कोणी म्हणालं. तुरुंगातले कैदी उभे करा, असंही एक जण म्हणाला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटून खाली बसला. सरपंचांनी सरळ विचारलं, की आपल्या गावाचं यात काय भलं? आपण उभं राहायचं आणि वाचायचं पुढच्या गावानं. कांचननं मान्य केलं, की होय, तसंच आहे. आणि तुमच्या मागचं गाव उभं राहील तेव्हा तुम्ही वाचाल. ते उभं राहीलच अशी खात्री मी देऊ शकत नाही.

वनमाला बायकांच्या मागच्या रांगेत होती. ती उठली तेव्हा गलबला थांबला, कारण तिच्या घरचं दुःख सगळ्यांना माहीत होतं.

"पळसबोडीसाठी मी उभी रायतो," ती म्हणाली. "एक बाई तिथं माझ्या पाळीवर गेली."

ती खाली बसली. मग एकीनं हात वर केला, मागून एका पुरुषानं केला. नावं जमू लागली. कांचननं सगळ्यांत वर स्वतःचं नाव घातलं आणि पहिली पाळी आपली आहे असं सांगितलं. सरपंच म्हणाले, तुम्ही तर नागपूरच्या. ती म्हणाली, मी इथलीच आहे. वनमालानं तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. नको म्हणाली नाही.

भाद्रपदाच्या अखेरीला ढगांची तशीच एक ओळ उठली. कांचन आदल्या संध्याकाळीच येऊन राहिली होती, बहिणीच्या घरी. दुपारी धान पोटरीत आलेल्या बांधीत दोघी गेल्या. वनमालानं स्वतःच्या हातानं फोन पिशवीत घालून तिच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. बांधीतलं पाणी पोटरीपर्यंत होतं आणि गार लागत होतं. पश्चिमेकडं आभाळाचा रंग शिळ्या जखमेसारखा झाला होता. उभ्या राहणाऱ्याजवळ दुसरं कोणी थांबायचं नाही, असा नियम होता.

"माझ्याकडं बघत थांबू नकोस," कांचन म्हणाली.

"नाई थांबत." वनमाला धुऱ्यावर चढली. थोडं पुढं जाऊन वळली. "पळसबोडीच्या बाया गावात शिरल्या का मी कवाडातून रुमाल दाखवतो. मंग तू खाली बसजो."

ती गेली. शेतांत आता कोणी उरलं नव्हतं. कांचननं फोन बाहेर काढला नाही. नकाशा कसा दिसत असेल ते तिला न बघता माहीत होतं. वारा पडला. दूरवर पळसबोडीच्या धुऱ्यावरून बायकांची रांग चालली होती, डोक्यावर गवताचे भारे, एकीच्या काखेत पोर. त्यांच्या फोनवर नारिंगी पोचलं होतं, पाऊण तास आधी, आणि त्या घाई न करता चालल्या होत्या, कारण वेळ होता.

पहिला गडगडाट पायांतून आला, कानांतून नंतर. पाण्यावर बारीक शहारा उठला. काय करायचं असतं ते तिनं शेकडो गावांत सांगितलं होतं. अंगावर काटा आला, की पाय जुळवायचे, उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यांत घालायचं. बसलं की अंगातली खरखर मंदावते आणि फोनला ऐकू येत नाही. पळसबोडीच्या पुढची गावं अजून राहिली होती.

तिच्या हातावरचे केस हळूहळू उभे राहिले. मानेवरचे, मग कानामागचे. तिनं गावाकडं पाहिलं. कवाड उघडं होतं आणि त्यात वनमाला उभी होती, पण तिच्या हातात अजून रुमाल नव्हता. रांगेतलं शेवटचं माणूस, काखेत पोर घेतलेली ती बाई, गावाच्या तोंडाशी पोचायची होती.

कांचन पाण्यात पाय घट्ट रोवून उभी राहिली.